आ करा

संपादकांनी कविता मागितली होती. कविता पुढच्या अंकाला. या वेळी चार पानं हिशेबाची देतो. हिशेब माझ्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा आहे, पण ती एकटी नाही. आता प्रत्येक वस्तीतली एखादी पोरगी, एखादा पोरगा अशा कुठल्या तरी कॉलेजात शिरलाय. शिरल्यावर त्याचं काय होतं, हे आपण चळवळीतली माणसं विचारत नाही. म्हणून लिहितो.

मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काय आलं ते रद्दीतल्या पुस्तकांतनं आणि बाबासाहेबांच्या खंडांतनं. आमच्याकडं गाळ्यांच्या रांगा आहेत. कुठं पत्रा लाटतात, कुठं त्याच्या गोल चकत्या कापतात, कुठं त्या दाबून ताटं-वाट्या काढतात, कुठं बफवर घासून चकाकी देतात. बा इथल्या मिठागरावर होता. आय लोकांच्या घरची धुणीभांडी करते. धाकटी मुंबईच्या एका सरकारी डेंटल कॉलेजात बी.डी.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

‘डेंटल? म्हणजे पुरा डॉक्टर नाय?’ हे पहिलं आमच्याच माणसांनी ऐकवलं. एम.बी.बी.एस.ला मार्क कमी पडले आणि बी.डी.एस.ला नंबर लागला, हे खरंच आहे. त्यात लपवायचं काय? मराठी शाळेतली पोरगी, एक वर्ष घरी बसून, एका खोलीत पाच माणसांच्या गोंगाटात तिनं २०२२ साली नीट दिली. नंबर लागला त्या रात्री मीही थोडा हिरमुसलो होतो. धाकटी म्हणाली, ‘दादा, आपल्या गल्लीत कुणाचं तोंड धड आहे, नाव सांग.’

मी मोजायला लागलो. आय मिशरी लावते. शेजारची मावशी लावते. बफवरची पोरं गुटखा खातात. नाक्यावरच्या एका माणसाच्या तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत, वडापाव तो चुरून खातो. मला एकही नाव सापडलं नाही.

आता थोडा इतिहास. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं. मुक्यांना तोंड फुटावं म्हणून. त्याच १९२० साली कलकत्त्याला डॉ. आर. अहमद यांनी देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. मुंबईत नायरचं डेंटल कॉलेज १९३३ चं. म्हणजे या देशात दातांची विद्या कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा आपली माणसं घोटभर पाण्यासाठी मार खात होती. महाडला चवदार तळ्यावर आपण गेलो ते २० मार्च १९२७ ला. आणि त्याच्याही आधी पेशवाईत आपल्या गळ्यात मडकं होतं. आपली थुंकी रस्त्यावर पडली आणि त्यावर कुणाचा पाय पडला तर तो बाटेल, म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे लिहून ठेवलंय.

आज त्या मडकेवाल्यांची पोरगी हातमोजा घालते आणि समोरच्याला सांगते, ‘आ करा.’ समोर ब्राह्मण असो, मारवाडी असो, मराठा असो, तोंड उघडावंच लागतं. ती त्याची थुंकी कापसानं टिपते. ही गोष्ट मी मिलमध्ये सांगितली तेव्हा आमच्या पाळीतली माणसं टाळ्या पिटून हसली. मलाही लई बरं वाटलं. पण दोस्तांनो, एवढ्यावर खूश होऊन भागत नाही. त्या खुर्चीपर्यंत पोचायला काय लागतं ते बघा.

बी.डी.एस. चार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, जे १९९८ साली निघालं. पहिल्या वर्षाला अख्ख्या शरीराची रचना, शरीर चालतं कसं, रसायनं, आणि दाताची घडण. दुसऱ्या वर्षाला रोगाचे जंतू, औषधं आणि दातांत भरायचं सामान. तिसऱ्या वर्षापासून पेशंट. पुस्तकं सगळी इंग्रजीत, विटेएवढी. दातांना नावं असतात आणि नंबरही. तोंडाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात आठ दात. वरचा डावीकडचा पहिला दात म्हणजे दोन-एक. एकवीस म्हणायचं नाही, दोन-एक म्हणायचं. धाकटी रात्री भांडी घासता घासता आकडे म्हणायची आणि आयला वाटायचं ही पाढे पाठ करते.

पहिल्या वर्षाला मेणाचा दात कोरायला लावतात. मेणाची लांबट वडी, एक बारीक कोरणी आणि समोर दाताची मापं. मिलिमीटर चुकला तर वडी फेकून दुसरी घ्यायची. धाकटीचा हात तिथं चांगला बसला. वर्गातली पुष्कळ पोरं हाताचं काम कधी न केलेली. ही लहानपणी माझ्याबरोबर गाळ्याबाहेर बसून बांगडीला टिकल्या चिकटवायची, पीसवर पैसे. बोटांना सवय होती. शिकवणाऱ्या बाईंनी तिची दाढ वर धरून सगळ्यांना दाखवली. ती दाढ आमच्या घरी बुद्धाच्या फोटोजवळ काचेच्या बाटलीत ठेवलीय.

हाताच्या कामाचं एक सांगतो. कवळी तयार झाली की ती फिरत्या बफवर घासून चकचकीत करतात. आमच्या भाईंदरला वाटीला चकाकी देतात तशीच. इथं पोरगा बफवर उभा राहिला तर त्याला कुणी विचारत नाही. तिकडं तेच काम डेंटल मेकॅनिकचं, त्याचं नाव १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात आहे. त्याची नोंद होते, त्याचं शिक्षण असतं. हात सारखेच. नोंदवहीत नाव कुणाचं, एवढा फरक.

आता पैशाचा हिशेब. अनुसूचित जातीला राज्यात १३ टक्के जागा आहेत. स्कॉलरशिपला घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं, जातीचा दाखला लागतो, त्याची पडताळणी लागते, उत्पन्नाचा दाखला लागतो. हे सगळं आम्ही केलं. फीची चिंता त्यामुळं मिटली. पण फीच्या पलीकडं एक पेटी असते, ती आपल्याला कुणी सांगत नाही. आरसा, चिमटे, टोकदार सळ्या, मेणाच्या सुऱ्या, प्लास्टरची वाटी, नकली जबडा, बारीक मोटरवर फिरणारी हत्यारं. दरवर्षी नवी यादी. यादी हातात पडली की आठवड्यात सामान आणायचं. स्कॉलरशिपचे पैसे येतात तेव्हा येतात.

पहिली यादी आली तेव्हा मी दोन महिने डबल पाळी केली. आयनं भिशी उचलली. गंमत बघा, ती सगळी हत्यारं स्टीलची. मी दिवसभर जे लाटतो तेच. पत्रा आमच्या हातावरून किलोच्या भावानं जातो आणि परत येतो तेव्हा तोळ्याच्या भावानं येतो. धाकटीची पेटी उचलून बघितली, वजन माझ्या जेवणाच्या डब्याएवढं.

सत्कार मात्र झाला. बुद्धविहारात शाल, श्रीफळ, फुलं, भाषणं. तीन शाली घरात पडून आहेत. त्या दिवशी कुणी एकानं जरी विचारलं असतं, ‘पोरी, सामान किती लागतं?’ तर त्या शालींच्या पैशांत चिमटे आले असते. मी कार्यकर्त्यांवर रागावून बोलत नाही, मीही स्टेजवर सतरंजी अंथरायला होतो. आपल्याला नंबर लागल्याचा आनंद करता येतो. पुढची पाच वर्षं सोबत चालायची सवय अजून लागलेली नाही.

आणि आत काय चालतं? पहिल्या महिन्यात सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘तुझा रँक किती?’ सरळ जात विचारत नाहीत. रँक विचारतात. रँक ऐकला की जात कळते, मग डबा खाताना बाकावरची जागा बदलते. धाकटी घरी येऊन बोलायची नाही. भाईंदरला गाडीतनं उतरायची, पेटी पोटाशी धरून चालत यायची आणि पुस्तक उघडायची. मी भ्यायचो. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी घरातली, एम.डी.ला शिकणारी पोरगी. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन सीनियर डॉक्टरांना अटक झाली, खटला उभा राहिला. तो पेपर आयनं जपून ठेवलाय. तिला वाचता येत नाही, फोटो ओळखते. धाकटीला यायला उशीर झाला की ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

धाकटीला सावरलं ते एका सीनियर मुलीनं. आपलीच, विदर्भातली. तिनं स्वतःचं जुनं सामान अर्ध्या किमतीत दिलं, नोट्स दिल्या आणि एक वाक्य दिलं, ‘रँक विचारला की सांगायचा आणि परत कामाला लागायचं.’ शाळेतल्या पोरीला जसं कुणी रस्ता ओलांडून देतं, तेवढंच. पण तेवढ्यानं ती टिकली.

तिसऱ्या वर्षापासून पेशंट आले आणि इथून खरा विषय सुरू होतो. विद्यार्थ्याला कोटा असतो. इतके दात काढले पाहिजेत, इतके भरले पाहिजेत, इतक्या कवळ्या केल्या पाहिजेत. प्रत्येक पायरीवर शिक्षकाची सही. कोटा पुरा नाही तर परीक्षा अडते. आता सांगा, शिकणाऱ्या पोरांसमोर खुर्चीत कोण येऊन बसतं? ज्याच्याकडं क्लिनिकचे पैसे नाहीत तो. हमाल, मोलकरीण, रिक्षावाला, नाक्यावरचा मजूर. सगळ्या जातींचे, सगळ्या थरांतले दातांचे डॉक्टर आपल्या माणसांच्या तोंडावर हात बसवतात. हात बसला की क्लिनिक टाकतात, आणि ज्या तोंडांवर शिकले त्यांना त्या क्लिनिकची पायरी परवडत नाही.

मी धाकटीला हे तोडून बोललो. ती म्हणाली, ‘दादा, शिकवणारे मागं उभे असतात. सहीशिवाय पुढं जाता येत नाही. तुझं बोलणं खरंय, पण मग आपल्या माणसांनी तिथं यायचंच नाही का? त्यांचे दात कोण बघणार?’ याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मग तिनं वस्तीतनं माणसं न्यायला सुरुवात केली. आठवड्यातनं एक दिवस, चार-पाच बाया. प्रत्येकीचा खाडा पडायचा म्हणून सुट्टीच्या पाळ्या जुळवायच्या. गाडीत भाईंदरला चढायलाच मिळत नाही, त्यात म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं. त्या पहिल्या खेपेत आय होती. दाढ दुखते म्हणून गेली. धाकटीनं दाढेच्या आधी गालाच्या आत बघितलं. जिथं मिशरी दाबून धरते तिथं पांढरा चट्टा होता. घासून निघत नव्हता. तिनं आरसा ठेवला आणि सरांना बोलावलं. सरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला.

ते आठ दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. धाकटीला पुस्तक माहीत होतं. असा चट्टा पुढं कॅन्सरकडं जाऊ शकतो, हे पानावर लिहिलेलं. ती बोलत नव्हती आणि आय तिच्या तोंडाकडं बघत होती. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. मिशरी बंद करायची आणि ठरल्या वेळी दाखवायला यायचं. आयनं डबी नाल्यात टाकली. म्हणाली, ‘माज्या आयनं दिली व्हती सवय. भूक मरती म्हनून लावायचो.’ हे कुठल्या पुस्तकात आहे? तंबाखूनं काय होतं ते पुस्तक सांगतं. तंबाखू तोंडात आली कशानं, ते आयला माहीत.

गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. पुड्या टपरीवर मिळतातच. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडत जाते, तोंड उघडेनासं होतं. नाक्यावरच्या माणसाला जे झालंय ते हेच. उघडलेलं तोंड मिलिमीटरमध्ये मोजतात. बारा तास उभ्यानं काम करणारा पोरगा झोप मारायला गुटखा खातो. त्याला नुसतं ‘सोड’ म्हणणं सोपं आहे. पाळी आठ तासांची करा म्हणणारा कोण?

माझीही तपासणी झाली. मिलमध्ये भट्टीतून निघालेला पत्रा साफ करायला तेजाबाच्या टाकीत बुडवतात. सुरुवातीची दोन वर्षं मी त्या टाकीवर होतो. माझ्या पुढच्या दातांच्या कडा झिजून पातळ झाल्यात, गार पाणी लागलं की कळ डोक्यात जाते. मला वाटायचं माझे दातच असे. केस पेपरवर नाव, वय, पत्ता यांच्या खाली एक रकाना असतो, व्यवसाय. धाकटीनं तिथं माझं काम लिहिलं आणि पुस्तक काढून दाखवलं. आम्लाच्या वाफेत काम करणाऱ्यांचे पुढचे दात असे झिजतात, हे जुनं, माहीत असलेलं आहे. पुस्तकात माझे दात होते! गाळ्याच्या मस्टरवर माझं नाव नाही, पण त्या इंग्रजी पुस्तकात माझे दात आहेत. या रकान्यासाठी तरी आपली पोरं तिकडं गेली पाहिजेत. दुसरा विद्यार्थी तिथं ‘मजूर’ लिहून पुढं जाईल. कसला मजूर, हे आपली पोरगी विचारेल.

आता पुढचं. शेवटची परीक्षा, इंटर्नशिप, मग महाराष्ट्राच्या दंत परिषदेत नोंदणी. नोंदणीशिवाय धंदा करता येत नाही. एम.डी.एस. करायचं तर परत वेगळी नीट आणि आणखी तीन वर्षं. नाहीतर दुसऱ्याच्या क्लिनिकवर नोकरी. सीनियर सांगतात, सुरुवातीला मिळतं ते आमच्या मिलमधल्या ऑपरेटरएवढंच. स्वतःचं क्लिनिक टाकायचं तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन, गाळ्याची पागडी. ज्याच्या बापाचं दुकान आहे त्याला हे जमतं. आपल्याकडं महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे, बीजभांडवलाची योजना आहे, पण बँक तारण मागते आणि आमच्या खोलीची पावतीसुद्धा दुसऱ्याच्या नावावर.

१४ एप्रिलला आपलेच काही कार्यकर्ते घरी आले. म्हणाले, ताई, वस्तीत फुकट शिबिर घ्या, समाजाचं ऋण आहे. धाकटी म्हणाली, ‘भाऊ, मी अजून विद्यार्थी आहे. नोंदणीच्या आधी मंडपात कुणाच्या तोंडात अवजार घातलं तर गुन्हा होईल. तुम्ही माणसं कॉलेजला आणा, मी दारात उभी राहते. आणि नोंदणी झाल्यावरही मला भाडं भरायचंय. एका दिवसाच्या शिबिरात दात मोजून होतात. ते भरायला माणूस रोज त्या जागेवर बसावा लागतो.’ एक जण नाराज झाला. डॉक्टर झाली नाही तोवर भाषा बदलली, म्हणाला.

मला तिचं बोलणं पटलं आणि तेच इथं मांडतो. तिला आझाद नगरच्या बाजूला, जिथून चालत येता येईल अशा ठिकाणी क्लिनिक टाकायचंय. फी कमी, पण फी. फुकटवाली बाई म्हणून नाही, डॉक्टर म्हणून. ते नाही जमलं तर ती मोठ्या चकचकीत दुकानात पगारावर जाईल आणि आपण चहाच्या टपरीवर बसून म्हणू, ‘शिकली की समाजाला विसरली.’ तिला परत यायचा रस्ता आपण बांधला होता का, हे तेव्हा कुणी विचारणार नाही.

म्हणून पुढच्या मीटिंगला हे चार मुद्दे घ्यावेत. एक, विहारात एक कपाट ठेवा. पास झालेल्या पोरांचं सामान, पुस्तकं त्यात जमा, पुढच्या पोरांना फुकट. विदर्भातल्या त्या मुलीनं एकटीनं जे केलं ते आपण मिळून करू. दोन, दहावीतच जातपडताळणीचे कागद गोळा करा, ऐनवेळी गावाकडं पळापळ नको. तीन, तपासणीला माणसं नेताना त्यांचा खाडा मंडळानं भरावा. आपली माणसं शिकायचं सामान म्हणून जाऊ नयेत, आपल्या पोरीचे पेशंट म्हणून जावीत, आणि काय केलं ते त्यांना मराठीत सांगितलं जावं. चार, क्लिनिकच्या भांडवलासाठी भिशी. शंभर घरं, महिन्याला शंभर रुपये, पाच वर्षं. गुणाकार करा, सहा लाख होतात. शाल-श्रीफळाला आपण वर्षाला किती घालवतो तेही मांडा.

आमच्या गल्लीत अकरा घरांनी सुरुवात केलीय. वही माझ्याकडं आहे. शेवटच्या वर्षाची यादी आली तेव्हा निम्मे पैसे त्या वहीतून गेले, निम्मे माझ्या ओव्हरटाइमचे. धाकटीला अजून तीन कवळ्यांचा कोटा बाकी आहे. ज्यांच्या घरी दात पडलेली म्हातारी माणसं आहेत त्यांनी मला पाळी सुटल्यावर नवघर रोडला भेटावं. पाच-सहा खेपा होतील. गाडीभाड्याचं बघू.

जयभीम.